सात जणांची जुनी गाडी घेताय? आधी माणसं मोजा, मग मॉडेल बघा

रात्री अकरा वाजता गावाहून फोन येतो. मय्यत झाली आहे, दफन सकाळीच. मुंब्र्याहून खेडला किंवा भिवंडीहून म्हसळ्याला निघायचं तर एवढ्या रात्री ट्रेनचा भरवसा नाही, आणि भाड्याच्या गाडीवाला वेळ ओळखून दर सांगतो. दारात वॅगन-आर उभी आहे, पण जाणारे सात. मग अब्बा, अम्मी, दोन भाऊ आणि कोणीतरी एक असे पाच जण निघतात आणि दोघांना दुसऱ्या दिवशी एसटीने या म्हणून सांगितलं जातं. परत आल्यावर घरात एकच विषय असतो: आता एक मोठी गाडी घेऊनच टाकू.

नवी सात सीटर प्रत्येकाच्या आवाक्यात नसते. आपल्यातली बरीच घरं व्याजाचं कर्ज टाळतात. म्हणजे पैसा येतो तो भिशीतून, सोनं मोडून किंवा आखातात पाच-सात वर्षं काढलेल्या भावाच्या बचतीतून. हे पैसे एकदाच हातात येतात. गाडी चुकीची निघाली तर दुसरी घ्यायला परत तेवढीच वर्षं लागतात. म्हणून जुनी गाडी घेताना काय बघायचं ते आम्ही इथे जरा सविस्तर सांगतो आहोत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. जुन्या स्विफ्टचा किंवा आय-१०चा बाजार आणि जुन्या सात सीटरचा बाजार एकसारखा नाही. स्विफ्ट बहुतेक वेळा कोणाच्या तरी घरची असते, ऑफिसला जाते आणि सोसायटीत उभी राहते. सात सीटर कमावते. एअरपोर्ट, शिर्डी, कंपनीची पिकअप, लग्नाची भाडी यांत तिचं आयुष्य जातं आणि मग ती रंगरंगोटी होऊन 'सिंगल हँड, फॅमिली यूज' म्हणून विकायला येते. त्यामुळे मॉडेल कुठलं, वर्ष कुठलं यापेक्षा ती गाडी आजवर कोणाकडे आणि कशी चालली हा प्रश्न मोठा आहे.

बसणार कोण?

एक कागद घ्या आणि मागच्या वर्षी तुम्ही सातही जण एका वेळी किती वेळा निघालात ते लिहा. उत्तर तीन-चार असेल (दोन ईद, एक निकाह, एक मय्यत) तर आमचं स्पष्ट मत असं की सात सीटर घेऊच नका. चांगली पाच सीटर ठेवा आणि त्या चार वेळांना गाडी भाड्याने करा. वर्षभराचा जास्तीचा विमा, टायर, पेट्रोल आणि पार्किंगची डोकेदुखी यांपेक्षा ते स्वस्त पडतं. दर आठवड्याला दादीला डायलिसिसला न्यायचं आहे, मुलांना मदरशात आणि शाळेत सोडायचं आहे, महिन्यातून एकदा गावी जायचं आहे, तर मात्र मोठी गाडी लागतेच.

मग प्रश्न तिसऱ्या रांगेचा. शोरूमच्या फोटोत तिथे हसरी माणसं बसलेली असतात. प्रत्यक्षात एर्टिगाच्या मागच्या सीटवर दहा-बारा वर्षांची मुलं आरामात बसतात, मोठा माणूस तासभर बसतो आणि त्यानंतर गुडघे बोलायला लागतात. इनोव्हाच्या तिसऱ्या रांगेत दोन मोठी माणसं कशेडी घाट पार करून येऊ शकतात. डॅटसन गो प्लसची तिसरी रांग मात्र कागदावरचीच. तिथे पिशव्या ठेवाव्यात, माणसं नकोत.

बोलेरो आणि काही जुन्या स्कॉर्पिओंमध्ये मागे समोरासमोरच्या आडव्या सीट असतात. गावाकडे त्या सगळ्यांच्या सवयीच्या आहेत. पण जोराचा ब्रेक लागला की आडवा बसलेला माणूस बाजूला फेकला जातो, आणि जुन्या गाड्यांत तिथे बेल्टही नसतो. लहान मुलांना तिथे बसवून हायवेवर जाऊ नये असं आम्हाला वाटतं.

मधल्या रांगेत दोन वेगवेगळ्या खुर्च्या आहेत की सलग बाक आहे हेही बघा. वेगळ्या खुर्च्या असल्या तर मधून वाट मिळते, मागे जाणाऱ्याला वाकून चढावं लागत नाही. पण एक माणूस कमी बसतो. एक्सएल-६ दिसायला एर्टिगाची बहीण, पण ती सहा सीटर आहे. घाईत लोक हे विसरतात. आणि सात सीटर म्हणजे ड्रायव्हर धरून सात. आरसी बुकावर जेवढी आसनसंख्या छापली आहे तेवढीच विमा कंपनी मानते.

आता सामान. हाजी किंवा उम्र्याला जाणाऱ्यांना विमानतळावर सोडायला घरातले सगळेच निघतात, आणि तिथेच ही गोष्ट कळते. दुसऱ्या पिढीच्या एर्टिगात तिन्ही रांगा उभ्या असताना मागे २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन मध्यम बॅगा. रेनॉ ट्रायबरमध्ये सात जण बसले की फक्त ८४ लिटर, एखादी शाळेची बॅग आणि टिफिन. ट्रायबरची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, मग जागा ६२५ लिटर होते, हा तिचा मोठा गुण. पण तेव्हा ती पाच सीटर झालेली असते. सीएनजी असेल तर सिलिंडर मागची जागा खाऊन टाकतो. परतताना जमजमचे कॅन आणि खजुराच्या पेट्या मग मांडीवर घ्याव्या लागतात.

कुठली गाडी

बहुतेक कुटुंबांसाठी आमची पसंती पेट्रोल एर्टिगाला. पहिली एर्टिगा २०१२मध्ये आली, मोठी आणि जास्त जागा असलेली दुसरी पिढी नोव्हेंबर २०१८मध्ये. जमलं तर दुसरीच घ्या. तिची लांबी ४.४ मीटरच्या जवळपास आहे, म्हणजे कौशाच्या किंवा कोंढव्याच्या गल्लीत वळते. सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. जुन्या डिझेल एर्टिगाचं १.३ लिटरचं इंजिन स्विफ्ट आणि डिझायरमध्येही होतं, त्यामुळे ते उघडायला घाबरणारा मेकॅनिक क्वचितच भेटेल. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल बंद केलं. त्यामुळे आता बाजारात दिसणारी डिझेल एर्टिगा त्याआधीचीच असणार. ती बहुधा खूप पळालेली असते.

सात मोठी माणसं, सामान आणि महिन्यातून दोनदा घाट असा वापर असेल तर इनोव्हाला तोड नाही. २००५मध्ये क्वालिसच्या जागी ती आली, २०१६मध्ये क्रिस्टा आली. (क्वालिसची आठवण काढली की कोकणातले जुने ड्रायव्हर अजून हळवे होतात, पण आता ती घेण्यात अर्थ नाही.) इनोव्हा तीन-चार लाख किलोमीटर चालते हे खरं आहे. गंमत अशी की याच कारणाने ती घेताना सगळ्यात जास्त फसगत होते. तीन लाख पळालेली इनोव्हा नीट चालते, त्यामुळे तिला एक लाख पळालेली म्हणून विकणं सोपं जातं. क्रिस्टाची लांबी ४,७३५ मिलिमीटर, तेव्हा बिल्डिंगमधली पार्किंगची जागा टेप लावून मोजा आणि मगच बोलणी करा.

बीएस-६ डिझेलला धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. रोज शाळा-बाजार-मशीद एवढंच फिरणं असेल तर तो तुंबतो आणि खर्च मोठा येतो. तुमचं फिरणं शहरातच असेल तर पेट्रोल घ्या, मायलेजचा हिशोब सोडा.

इतरांबद्दल थोडक्यात. महिंद्रा झायलो ऐसपैस आणि स्वस्त, पण वळणावर झुलते आणि मागच्यांना मळमळतं. मराझ्झो चांगली गाडी होती, ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१८मध्ये तिला चार तारे मिळाले होते, पण ती फार खपली नाही, तेव्हा सुटे भाग आधी विचारून ठेवा. होंडा मोबिलिओचं इंजिन होंडा सिटीचं, रेनॉ लॉजीचं डस्टरचं, म्हणून इंजिनाची चिंता नाही. मात्र बंपर, दिवे, काचा शोधत फिरावं लागतं. शेवरलेने २०१७च्या शेवटी भारतात विक्री बंद केली, त्यामुळे टवेरा किंवा एन्जॉय कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही घेणार नाही.

सुरक्षेसाठी एक सोपी रेघ आखता येते. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः सगळ्यात स्वस्त व्हेरियंटमध्ये, दोन्ही नसू शकतात. मागचा एसीही अशाच व्हेरियंटमध्ये गायब असतो. मालेगावच्या मे महिन्यात तिसऱ्या रांगेत एकदा बसून बघा, मग कळेल.

भाड्याची गाडी कशी ओळखायची

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही २०१३ची इनोव्हा घेतली. मीटर ९६ हजार, सीट कव्हर नवीन, आतून अत्तराचा वास. विकणारा गोड बोलणारा, नमाजची वेळ झाली तर थांबणारा. आम्ही तेवढ्यावर भुललो. दोन महिन्यांनी क्लच गेला. गावच्या मेकॅनिकने बॉनेटच्या आत एका कोपऱ्यात चिकटलेलं ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर दाखवलं. त्यावर आकडा होता २,१८,०००. क्लच, इंजेक्टर आणि सस्पेन्शन मिळून साठ हजारांवर गेलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "भाई, तुम्ही मीटर बघून गाडी घेतली का?" त्याचं बोलणं झोंबलं. पण खोटं नव्हतं.

तेव्हा मीटर सोडून बाकी सगळं बघा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे का? ते अगदी नवीन असेल तरी संशय घ्या. स्टीअरिंग आणि गिअरचा गोळा चकाकतो का? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसली आहे का? कव्हर काढून बघायला सांगा, नाही म्हणाला तर उठा. भाड्याच्या गाडीची एक खास खूण म्हणजे मधल्या रांगेची डावी बाजू. पॅसेंजर तिथूनच चढतो, उतरतो. तिथलं पायदान, दाराची कडी आणि बिजागऱ्या घरच्या गाडीत एवढ्या झिजत नाहीत. छतावर कॅरिअरची भोकं बुजवलेली दिसतात का, नंबर प्लेटच्या मागे पिवळा रंग आहे का, वेग ८०वर रोखणारं यंत्र काढल्याच्या तुटक्या वायरी आहेत का, हे मेकॅनिकला बघायला लावा.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. २०१८च्या गाडीचं मीटर २५ हजार आणि चारही टायर २०२२चे असतील तर हिशोब जुळत नाही.

सगळ्यात पक्का पुरावा सर्व्हिसची नोंद. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जात असेल तर प्रत्येक वेळचं किलोमीटर तिथे नोंदलेलं असतं. मालकाला सोबत घेऊन जा आणि ती यादी मागा. प्रामाणिक माणूस हरकत घेत नाही. आरसीवर वाहनाचा वर्ग 'मोटर कॅब' असा दिसला तर ती टॅक्सी आहे, खासगीत बदलून घेण्याचा खर्च आणि खेपा तुमच्या वाट्याला येतील. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईटच असं नाही. सर्व्हिस वेळेवर झाली असेल आणि किंमत खऱ्या किलोमीटरप्रमाणे असेल तर घ्यायला हरकत नाही. फक्त टॅक्सीला घरच्या गाडीचा भाव देऊ नका.

पाणी आणि गंज

२२ जुलै २०२१ला चिपळूण आणि महाडमध्ये पुराचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन, सुकवून लांबच्या शहरात विकल्या जातात. ओळखायच्या कशा? सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा, गालिच्याखालचा कोपरा बघा. हेडलाइटच्या आत वाफ, डॅशबोर्डच्या स्क्रूंवर गंज, एसी लावल्यावर कुबट वास ही बाकीची लक्षणं. नव्या गाडीत वायरिंग एवढं असतं की पाणी शिरलेली गाडी वर्ष-दीड वर्ष नीट चालून मग रोज एक दुखणं काढते. अशी गाडी अर्ध्या किमतीतही नको.

एमएच-०८ किंवा एमएच-०६ पासिंगची, समुद्राकाठच्या गावात उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असली तरी तळ खारट हवेने खाल्लेला असू शकतो. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

चालवून बघताना

सकाळी जा, आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं सांगून जा. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग एकट्याने चक्कर मारून परतू नका. घरच्या सातही जणांना सोबत न्या. विकणारा वैतागेल, वैतागू द्या. सात जण बसवून चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी ओढते, मागून सस्पेन्शन टेकतं का, मागचा एसी पोचतो का, दादीला चढता-उतरता येतं का, हे रिकाम्या गाडीत कधीच कळणार नाही. सीएनजी असेल तर ती चक्कर गॅसवरच मारा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी लागते, तिचा दाखला मागा. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर आणि विम्यात चढवलेलं नसेल तर अपघातानंतर दावा अडकतो.

कागद

गाडी आवडली की मन घाई करतं. इथे हळू चला. चॅसिसवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर स्वतः जुळवून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. थकलेले ई-चलान आधी बघा आणि विकणाऱ्याकडून भरून घ्या.

आपल्याकडे दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, गाडी ज्याच्या नावावर आहे तो कुवेतला किंवा सौदीला, आणि विकतोय त्याचा भाऊ. "भाई ईदला येईल तेव्हा सही करेल" यावर पैसे देऊ नका. सही झाली की पैसे. दुसरी, मालक वारला आहे आणि मुलं विकत आहेत. तेव्हा आधी फॉर्म ३१ने गाडी वारसाच्या नावावर होते, त्यानंतरच तुमच्या. इतर भावंडांची लेखी संमती बघून घ्या, नाहीतर वारशाच्या वादात तुम्ही सापडता.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी हा आणखी एक मोह. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असते म्हणून त्या स्वस्त सुटतात. महाराष्ट्रात आणून कायम वापरायची तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं करावं लागतं. ते सगळं किमतीत धरा आणि मग स्वस्त आहे का ते ठरवा. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली कुठलीही गाडी घेताना पुढच्या पाच वर्षांच्या नोंदणीची फी आणि पर्यावरण कर विसरू नका. एप्रिल २०२२पासून मोटारीची ही फी ५ हजार रुपये झाली.

पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. उद्या वाद झालाच तर बँकेची नोंद तुमच्या बाजूने बोलते.

आणि नाव बदलणं "बघू पुढच्या महिन्यात" वर टाकू नका. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे नाव बदलण्याची गरज विकणाऱ्यालाही तेवढीच आहे, त्याला हे सांगा, तो स्वतःच आरटीओत येईल. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्ता थोडा वाढतो.

शेवटी काचेवरचा फास्टॅग. जुन्या मालकाला तो बंद करायला सांगा आणि स्वतःचा नवीन लावून घ्या, म्हणजे तुम्ही खालापूरला टोल भरल्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर जाऊन रात्री भांडणाचा फोन यायचा नाही.